शेततळ्याचं पाणी हिरवंगार, पहाटे मासे वर येऊन राहिले

वर्धाकाठ: ३०×३०×३ मीटरचं शेततळं, आत पन्नी (प्लास्टिकचा कागद). पाणी आता दीड मीटरच. रोहू-कटला मिळून १५००, एकेक ३००-४०० ग्रॅमचा. रोज कोंडा-ढेप ८ किलो, दर पंधरा दिवसांनी शेण. कोपऱ्यात हिरव्या रंगासारखी साय जमते. पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात, नऊला खाली जातात. दुकानदार शेवाळासाठी मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) टाका म्हणते. टाकू काय?

धानपट्टा: आज तर मुळीच नका टाकू, भाऊ. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर तोच ओढते, म्हणून पहाटे तूट पडते. त्यात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), ३५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच लिटरला ७ मिलीग्रॅमच्या आसपास. खाद्य ४-५ दिवस बंद, शेण कायमचं बंद. रात्री २ पासून ऊन चढेपर्यंत पंप चालवा. फूटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा व्हॉल्व्ह) वरच्या अर्ध्या मीटरातच टांगा, तळाशी टेकला तर गाळातला गॅस वर येते. पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या टोकाला बूच लावून बारीक भोकं पाडा, फवारा उंचावरून पडू द्या.

बांधावरचा: मोरचूद एवढं वाईट नाही जी. अर्धा पीपीएमनं (दहा लाख भाग पाण्यात अर्धा भाग) चालते.

धानपट्टा: हिशोब बरोबर आहे. काठ उताराचे धरले तर दीड मीटरला पाणी पावणेदहा लाख लिटर, म्हणजे अर्धा किलोच्या आत मोरचूद. पण मेलेलं शेवाळ सडताना उरलासुरला ऑक्सिजनही खाते, मासे दुसऱ्याच पहाटे उलटतात. पाण्याची क्षारता लिटरला ५० मिलीग्रॅमच्या खाली असली तर तांबं थेट माशालाच लागते.

वर्धाकाठ: मग चुना? दुपारी पीएच ९.४ आला. पाण्यात सोडलेली पांढरी ताटली १२ सेंटीमीटरवरच दिसेनाशी होते.

तळ्याकाठी: ९.४ ला चुना टाकला तर पीएच आणखी चढते आणि अमोनिया जास्त विषारी होते. ताटली २५ ते ४० सेंटीमीटरपर्यंत दिसली पाहिजे, २० च्या आत धोका.

ती साय बहुतेक निळं-हिरवं शेवाळ. काडीवर धाग्यासारखं उचलून आलं तर साधं, नुसता रंग लागला तर तेच. त्यातलं काही विषारी असते, ढोरांना हे पाणी पाजू नका. सकाळी जुन्या लुगड्यानं ओढून काढा. बांधावर नका टाकू, पावसानं परत तळ्यातच येईन.

खरं दुखणं गर्दीचं आहे. पाण्याचा पसारा आता ७३० चौरस मीटर, त्यात १५०० म्हणजे मीटरला दोन. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसताना एकच ठेवा, मोठे निवडून अर्धे विकून टाका. बोअरचं पाणी असन तर पाचवा हिस्सा बदला. निघालेलं पाणी वांग्याले द्या, पण ठिबकला सॅण्ड फिल्टर (वाळूची गाळणी) पाहिजेच.

बांधावरचा: विकायला काढाल तेव्हा पंखाच्या बुडाशी बोट फिरवून पाहा. चपटी, मसुरीएवढी, सरकणारी ऊ दिसली तर परत सांगा, त्याचा इलाज वेगळा.

तळ्याकाठी: आणि पहिला पाऊस पडन त्या रात्री पंप तयार ठेवा. थंड पाणी खाली बसते, तळचं बिनऑक्सिजनचं वर येते.