एस७-३०० पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) बंद झाला: नवा एस७-१५०० घ्यायचा की थेट व्हर्च्युअल पीएलसी?

पॅनेलवाला: पावडर कोटिंग लाइनवर सिमेन्सचा ३१५-२ डीपी (एस७-३०० चा सीपीयू) आहे. प्रॉफिबसवर (डीपी, म्हणजे लाइनवरची नेटवर्क केबल) ईटी २००एम ची ४ स्टेशनं (दूरची इनपुट-आउटपुट कार्डं), एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन पॅनेल) एमपीआयवर (सिमेन्सची जुनी जोडणी). इंटिग्रेटर म्हणतो, पीएलसी घेऊच नका, सगळं सर्व्हरवर व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, करू. शटडाउन ३ दिवसांचा. काय करावं?

लॅडरभाऊ: एवढी घाई नको. ३०० नेहमीच्या विक्रीतून ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाला, पण स्पेअर म्हणून २०३३ पर्यंत मिळणार आहे. आधी मूळ प्रोजेक्ट फाइल शोधा. सीपीयूतून अपलोड केलं तर लॉजिक येतं, सिम्बॉल (दिलेली नावं) आणि कॉमेंट येत नाहीत.
मग १५१६-३ पीएन/डीपी घ्या. डीपी पोर्ट अंगचाच, त्यामुळे चारही स्टेशनांचं वायरिंग जागेवर राहतं. सीपीयूच्या रॅकवरची कार्डं ईटी २००एम लाही चालतात. आयएम १५३ (स्टेशनला केबलशी जोडणारं मॉड्यूल) लावून त्यांचं पाचवं स्टेशन करा.

स्कॅनटाइम: १५०० ला एमपीआय नाही, तेव्हा एचएमआय डीपी किंवा इथरनेटवर न्यावा लागेल. जुना पॅनेल डीबी (डेटा ब्लॉक) थेट ॲड्रेसने वाचत असेल, तर त्या ब्लॉकचं 'ऑप्टिमाइझ्ड ॲक्सेस' काढा, त्यात ठरलेले ॲड्रेस नसतात. दुसऱ्या पीएलसीशी पुट/गेट (एकमेकांचा डेटा वाचणं-लिहिणं) असेल तर तेही चालू करावं लागतं, मुळात ते बंद असतं.
खरा घोळ वेगळाच. कुणी टायमरऐवजी स्कॅन (प्रोग्रॅमच्या फेऱ्या) मोजून विलंब दिला असेल, तर १५०० चा स्कॅन बराच जलद असल्याने तो विलंब आपोआप आखडतो. जुना प्रोग्रॅम १५०० साठी बदलून देणारा कन्व्हर्टर याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आरटीलिनक्स: व्हर्च्युअल पीएलसी थोतांड नाही, पण तुमच्या लाइनला आज नको. त्याला आय/ओ (इनपुट-आउटपुट) प्रॉफिनेटवर (इथरनेटवरचं नेटवर्क) हवं, म्हणजे प्रत्येक स्टेशनचा आयएम १५३-४ पीएन ने बदला. सर्व्हरवर त्याच्यासाठी प्रोसेसरचे कोअर राखून ठेवावे लागतात, नाहीतर बॅकअप सुरू झाला की सायकल डळमळते. शिवाय होस्ट (तो सर्व्हर) रीस्टार्ट झाला की त्यावरच्या सगळ्या लाइन एकदम थांबतात. इमर्जन्सी स्टॉप काहीही झालं तरी सेफ्टी रिलेवरच ठेवा. नुसता डेटा वर पाठवायचा असेल, तर १५०० च्या ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीचं मानक) सर्व्हरवर (पोर्ट ४८४०) भागतं. लायसन्स मात्र वेगळं.

पॅनेलवाला: रॅकवर ६ कार्डं आहेत. आयएम १५३-१ पुरेल?

लॅडरभाऊ: पुरेल, ८ चालतात. डीपी ॲड्रेस स्विचवर बसवून सप्लाय एकदा बंद-चालू करा, तोवर नवा ॲड्रेस लागू होत नाही. टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा रेझिस्टर) फक्त दोन टोकांना. मधल्या कनेक्टरचा स्विच ऑन राहिला तर पुढची स्टेशनं गायब.