पिवळ्या गोळीने पित्त उठतं, बिनरंगाची बनवून मिळेल का?

गिरगावकरीण: सासूबाईंना बीपीची पांढरी गोळी चालायची. ती दुकानात येईनाशी झाली. त्याच औषधाची पिवळी घेतली की अंगभर पित्त! मुंबईत कुणी बिनरंगाची बनवून देतं का?

परळचा फार्मासिस्ट: स्ट्रिपवर बारीक अक्षरांत रंगाचं नाव असतं, बघा. टार्ट्राझिन (एक कृत्रिम पिवळा रंग) असेल तर संशय रास्त. आधी दुसऱ्या कंपनीची शोधा. बनवून घेताना शुद्ध औषधात सेल्युलोजचं भरण घालून कॅप्सूल भरतात. डॉक्टरांची चिठ्ठी हवीच.

दादरकर: गोळ्यांत लॅक्टोजही (दुधातली साखर) असतं हं, पण कपभर दुधापुढे किरकोळ.

गिरगावकरीण: टार्ट्राझिनच निघालं! सासूबाई म्हणतात, रंग खरवडून घेते.

परळचा फार्मासिस्ट: नको हो ताई! लाँग ॲक्टिंग, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी असेल तर औषध एकदम सुटेल. डॉक्टरांना आजच फोन करा.