अनुभव धागा: उंचावर गेल्यावर झालेली रक्ताची गुठळी

लेह, स्पिती, अमरनाथ, कैलास-मानसरोवर... हल्ली घराघरातून कोणी ना कोणी जाऊन येतं. डोकेदुखी-उलट्यांबद्दल सगळे बोलतात, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांची पट्टी बॅगेत असते. रक्ताच्या गुठळीचं नाव मात्र निघत नाही. माझ्या मावसभावाला लेहहून आल्यावर फुप्फुसात गुठळी निघाली. तिकडे धाप लागत होती तेव्हा सगळे म्हणाले, हवाच विरळ आहे. पण मुंबईत उतरल्यावरही धाप जाईना. विरळ हवेचा त्रास खाली आल्यावर ओसरायला हवा. तो ओसरला नाही म्हणून त्याने दवाखाना गाठला, आणि आज तो बरा आहे. तुमच्यापैकी कुणी हे भोगलं असेल तर लिहा. आधी काय जाणवलं, कोणती औषधं चालू होती, निदान कसं झालं, सगळं.

ठाण्याहून
माझ्या नणंदेचं सांगते. अमरनाथला जायचं म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. यात्रा, लग्न, सत्यनारायण, काहीही असलं की आपल्या बायका या गोळ्या सरळ दुकानातून आणतात. गुहा ३,८८८ मीटरवर. थंडी, आणि वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, हे तर ठरलेलंच. मग जम्मूहून रेल्वेचा लांबलचक प्रवास. घरी येईपर्यंत डावी पोटरी टणक, गरम, उजवीपेक्षा जाड. "चालून भरून आलीय, तेल लावून चोळ," असं घरातले म्हणत होते. शेजारच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी चोळू दिलं नाही, डॉपलर (पायातल्या शिरांची सोनोग्राफी) करायला पाठवलं. गुठळी मांडीपर्यंत गेलेली! तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, गोळ्या कसल्या चालू आहेत? यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र घेताना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ते औषध आहे असं तिला वाटतच नव्हतं, तर ती सांगणार कुठून?

माजी सैनिक, सातारा जिल्हा
आम्हाला हे नवं नाही. सियाचिनच्या बाजूला पोस्टवर मुक्काम लांबला की रक्त घट्ट होतं. हिमोग्लोबिन २० पर्यंत गेलेली पोरं पाहिलीत. वादळ लागलं की दिवसचे दिवस तंबूत पाय दुमडून पडून राहायचं. पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ, आणि रॉकेल जपायचं म्हणून तेही मोजून. आमच्यातल्या एका जवानाचं डोकं धरलं. उंचीवर डोकं दुखतंच, म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. गोळीने उतरेना. मग एकाचे दोन दिसायला लागले, मग आकडी आली. हवामान उघडेपर्यंत हेलिकॉप्टर येईना, ती रात्र मी विसरणार नाही. खाली नेल्यावर कळलं की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होती. पंचविशीच्या आतला पोरगा, विडीचंसुद्धा व्यसन नाही. वाचला.
२००१ साली आपल्याच लष्करी डॉक्टरांचा अभ्यास छापून आलाय: दीर्घकाळ उंचीवर राहणाऱ्यांत गुठळीचा धोका सुमारे ३० पट. गावातली पोरं वर पोस्टिंगला निघाली की मी बजावून सांगतो, तहान नसली तरी पाणी पी, पडल्या पडल्या तरी पाय हलव, आणि डोकं थांबत नसेल तर लपवू नको.

फिजिशियन, नाशिक
ठाण्याच्या ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. त्या गोळ्यांतल्या नॉरएथिस्टेरॉन या हार्मोनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याकडे कल वाढतो. वर पहिल्या काही दिवसांत लघवी जास्त होते, रक्तातलं पाणी कमी होतं; तांबड्या पेशी वाढतात त्या नंतर. आठवडाभराच्या पर्यटकाला फौजींइतका धोका नसतो. पण गोळ्या, धूम्रपान, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन, घराण्यात गुठळ्या, यातलं काही असेल तर भर पडत जाते. एकच पाय सुजणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त: यावर घरगुती उपाय नको, त्याच दिवशी दवाखाना.

गिर्यारोहक, पुणे
१९५३ ची के-टू शिखराची मोहीम आठवते. आर्ट गिल्की वादळामुळे वरच्या कॅम्पात अडकला आणि त्याच्या पायात गुठळी झाली. डॉक्टर चार्ल्स हाउस्टन सोबत होते, त्यांनी लगेच ओळखलं. सहकारी त्याला दोरांनी खाली उतरवत होते. वाटेत बाकीचे घसरले, त्यांना पीट शोनिंगने एकट्याने दोरावर तोलून धरलं. गिल्की मात्र वाचला नाही. एवढ्या उंचीवर निदान झालं तरी माणूस खाली आणणं किती अवघड, हे प्रत्येक मोहिमेच्या नेत्याने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरहून
मला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती. औषध बंद होऊन बराच काळ झाला. आता मे महिन्यात विमानाने थेट लेहला जायचंय. इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) सुरू करू का?

फिजिशियन, नाशिक
मनाने नको. इकोस्प्रिन या कामाला पुरेशी नाही आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तिकीट काढण्याआधी ज्यांनी उपचार केले त्यांना जुने रिपोर्ट दाखवा. प्रवासापुरतं रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का, ते तेच ठरवतील. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस खारदुंग ला खिंड वगैरे आणखी उंच ठिकाणं नकोत, पण खोलीत झोपूनही राहू नका, सावकाश चालत राहा.