घरातलं 'चिऊ' मुलीला नको झालंय. तिचं ऐकावं का?

पाऊसवेडी
मुलगी 7 वर्षांची, दुसरीत. कागदावर शर्वरी, घरात आणि बिल्डिंगमध्ये जन्मापासून चिऊ. महिनाभर झाला, 'चिऊ' म्हटलं की ओ देत नाही. 'मला रेवा म्हणा' असा हट्ट आहे. आजी-आजोबांना हे पटत नाही. ऐकायचं तर कुठपर्यंत? दाखल्यावरही बदलायचं का?

जोडाक्षर
आधी नेमकं कुठे खुपतंय ते विचारा. पुष्कळदा घरातली चिऊ चालते, शाळेच्या फाटकाशी किंवा रिक्षाकाकांसमोर मारलेली 'चिऊऽऽ' नको असते. तसं असेल तर चारचौघांत शर्वरी, घरात चिऊ, एवढ्यावर भागतं.

रेवाच हवं असेल तर हाकेपुरतं लगेच सुरू करा आणि तीन-चार आठवडे चालू द्या. कार्टूनमधून उचललेलं नाव बहुधा तेवढ्यात विरतं, मनापासूनचं टिकतं. चुकून 'चिऊ' निघालं तर 'अगं रेवा' म्हणून पुढचं वाक्य बोला. माफी नको, दंड नको. प्रत्येक चुकीवर घरभर हशा पिकला की मूल दुप्पट हट्टाला पेटतं.

खिडकीतून
नाव लांबून हाक मारून पाहा. शेवटी दीर्घ स्वर असला की ते ओढता येतं, रेवाऽऽ तिसऱ्या मजल्यावरून खाली पोचेल. शेवटी व्यंजन असलं की मैदानात पोरं त्याला 'या' चिकटवतातच: प्रकाशचा पक्या, ओंकारचा ओंक्या. मुलींच्या नावाला 'ई' लागते आणि हाकेत तिचा 'ए' होतो: सुमन, सुमी, 'ए सुमे'. ते मोडतोड झालेलं रूप तिला चालेल का, हेही विचारून ठेवा. वर्गात आणखी एक रेवा असेल तर बाई आडनावासकट हाक मारणार, तेही आधीच सांगा.

टेबलखालून
कागदांना आत्ता हात लावू नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चं कलम 15 चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी आहे, आवड बदलली म्हणून नाही. नावाशिवाय जन्मनोंद झाली असेल तर गोष्ट वेगळी: 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट चढतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

खरंच बदलायचं ठरलं तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो, अल्पवयीन मुलासाठी अर्ज पालकांनी करायचा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी सातव्या वर्षी कशाला घालवायची? सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट बदल. आधारवर रेवा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला शर्वरी राहिली की दोन्ही नोंदी जुळत नाहीत आणि हेलपाटे सुरू होतात. करायचंच तर दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याच्या बऱ्याच आधी.

शाळेत वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा: हजेरीला शर्वरी, बोलावताना रेवा. डब्यावर, बाटलीवर रेवा चालेल. वह्या-पेपरांवर शर्वरीच.

पाऊसवेडी
आणि आजी-आजोबा?

जोडाक्षर
त्यांना मुलीनंच सांगू दे, तुम्ही वकिली करू नका. 'आजी, मला रेवा म्हणशील?' याला नाही म्हणणं जड जातं. एखादं माणूस चिऊच म्हणत राहिलं तर 'फक्त आजीला सूट' असं तिनं ठरवलेलं चालतं, पण ठरवणार ती.

सातारकर
लाडाचं नाव बदलायचं नसतं म्हणणाऱ्यांसाठी: 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशा' (म्हणजे नकोशी) नाव असलेल्या दोनशेहून जास्त मुलींचं समारंभपूर्वक पुन्हा नामकरण झालं. नवं नाव सुचवायला मुलींनाही वाव होता. तिथे खुद्द नावच जखम होतं, इथलं चिऊ प्रेमाचं आहे, तेव्हा तुलना ओढूनताणून नको. पण दिलेलं नाव बदलता येतं, एवढं त्यातून आजोबांना दाखवता येईल.