फलटणला बेबीताई कांबळेंचा पुतळा हवा की नको? मनापासून सांगा

फलटणची_लेक
साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाच्या निमित्ताने हे डोक्यात आलं ते जातच नाहीये, म्हणून लिहिते. आपल्या जिल्ह्यात पुतळे काही कमी नाहीत, पोवई नाक्यावर महाराज आहेत, नायगावला सावित्रीबाई आहेत, पण आपल्या काळातल्या लिहिणाऱ्या बाईचा एक पुतळा मी तरी जिल्ह्यात बघितलेला नाही. दलित लेखिका बेबीताई २०१२ मध्ये गेल्या, म्हणजे परवापरवापर्यंत आपल्यातच होत्या. किराणा दुकान चालवायच्या, सामान बांधायला आलेली रद्दी वाचायच्या, आणि तिथेच गल्ल्यावर बसून त्यांनी 'जिणं आमुचं' हे आत्मचरित्र लिहिलं, तेही घरच्यांपासून लपवून, वीस वर्षं! १९८२ ला ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, मग पुस्तक झालं, २००८ ला माया पंडित यांनी इंग्रजीत नेलं. आज परदेशातली पोरं ते अभ्यासाला वाचतात आणि माझ्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये चौघींना नावही माहीत नव्हतं, मला खरंच रडू आलं. मला उभा पुतळा नकोय, चौथराही नको. बसलेली बाई, पुढ्यात तराजू, मांडीवर पुडीचा कागद, आणि शेजारी कुणालाही टेकता येईल एवढी जागा.

माणदेशी_मास्तर
ताई, भावना पोचली पण माझा विरोध आहे. पुतळा झाला की माणसं सुटतात. आमच्या गावात एक पुतळा आहे, कुणाचा ते सांगत नाही, त्याच्या चष्म्याची एक काडी दोन वर्षं झाली तुटलेली आहे, जयंतीला हार घालणाऱ्या एकालाही ती दिसली नाही, माझ्या सातवीच्या पोरांना दिसली. बेबीताईंनी स्वतः फलटणजवळ आश्रमशाळा काढली, म्हणजे हातात पैसा आला तर तो कुठे घालायचा हे त्यांनी दाखवूनच ठेवलंय की. त्या पैशात तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलला पुस्तकाच्या दहा-दहा प्रती द्या.

कोरेगावची_सून
मास्तर, प्रती कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते तुम्हालाही माहितीये. माझ्या आईचं छोटं दुकान आहे. लहानपणी शेंगदाण्याची पुडी बांधायच्या आधी ती कागद गुडघ्यावर सपाट करायची, तेलाचा डाग पडलेला भाग सोडून उरलेलं वाचायची, आणि गिऱ्हाईक आलं की पटकन त्याचाच कोन करून त्यात साखर ओतायची. बातमी नेहमी अर्धीच. दुकानात बसून वाचणारी बाई म्हणजे टाइमपास करणारी बाई असंच तिला सगळे बोलले. तिच्यासारख्या बाईला चौकात कुणीतरी तसंच बसलेलं दिसलं पाहिजे, मला एवढंच कळतं.

कराडकर_७५
कराडच्या १९७५ च्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू सोडली नाही. आमच्या घरी वडील अजून ते सांगतात, त्यासाठी पुतळा लागला नाही. शिवाय रस्त्यावर किंवा फुटपाथवर नवीन पुतळ्याला परवानगी देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच सांगितलंय, त्यामुळे चौक विसरा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, यातच वर्षं जातात. आणि फलटण तालुक्याचंच म्हणायचं तर विंचुर्णीला राहिलेल्या लेखिका गौरी देशपांडे का नाहीत तुमच्या यादीत?

फलटणची_लेक
दादा, तुमच्या वडिलांना सांगणारं कुणीतरी होतं, घरात पुस्तकं होती, सगळ्यांच्या घरी नसतात. चौक नाही तर नगरपालिकेच्या बागेत किंवा वाचनालयाच्या दारात बसवू, पण बाजारपेठेच्या बाजूला, दलित वस्तीत नको. वस्तीत बसवला की बाकीचं गाव म्हणणार 'तो त्यांचा पुतळा', आणि परत तेच. गौरीताई मला प्रचंड आवडतात, 'विंचुर्णीचे धडे' माझं पाठ आहे, त्यांचाही व्हावा. पण त्यांच्या घरात लिहिणं नवीन नव्हतं, आई लेखिका इरावती कर्वे. बेबीताईंना वही लपवावी लागली. म्हणून आधी त्या.

भीमनगर_फलटण
मी त्या वस्तीतलाच आहे, म्हणून थोडं कडक बोलतो. 'वस्तीत नको' हे वाचून आधी राग आला, मग कारण वाचलं, ते पटलं. पण माझी अडचण दुसरीच आहे. त्या पुस्तकात गावाने आम्हाला कसं वागवलं ते आहे, बाबासाहेबांमुळे माणसं कशी उठली ते आहे, आणि आमच्याच घरातल्या पुरुषांनी बायकांना कसं मारलं, सुनांचं काय केलं तेही आहे. तिने आम्हालाही सोडलं नाही. आता पुतळा झाला की उद्घाटनाला कोण येणार? सगळे पुढारी, गावातले आणि आमचेपण. पाटीवर लिहिणार 'थोर लेखिका, समाजसेविका', खाली देणगीदारांची नावं. जे तिने जीव मुठीत धरून लिहिलं त्यातली एक ओळ तरी राहील का? त्यापेक्षा पुतळा नसलेला बरा.

माणदेशी_मास्तर
हेच मला म्हणायचं होतं, मला तुमच्यासारखं म्हणता आलं नाही.

फलटणची_लेक
भीमनगर दादा, माझ्या लक्षातच आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग पाटीपासूनच सुरुवात करू. आधी मजकूर ठरवायचा, तो वस्तीतल्या बायकांनी ठरवायचा, आणि 'हे लिखाण त्यांनी वीस वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं' हे वाक्य त्यात पाहिजेच. कुणी ते काढा म्हणालं तर पुतळा रद्द, सगळे पैसे मास्तरांच्या प्रतींना. देणगीदाराचं एकही नाव नको.

भीमनगर_फलटण
लेखी द्या, मग मी वर्गणीला फिरतो. आईला आणि चुलतीला मजकुराच्या बैठकीला आणतो, त्या गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

कराडकर_७५
माझा विरोध कायम आहे, पण परवानगीच्या अर्जाला मदत लागली तर सांगा, ते काम मला येतं.

कोरेगावची_सून
काल रात्री आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पाटीवर ती काही बोलली नाही. तराजूपाशी मला थांबवलं, म्हणाली, आत्ताचा तो लाइटवरचा काटा नका हं दाखवू, हातात धरायची तागडी दाखवा, आणि एक पारडं जरा खाली असू दे, गिऱ्हाइकाच्या बाजूचं.