शब्दचर्चा : ‘सर्वसमावेशक सार्वजनिक अवकाश’ला साधा शब्द कोणता?

खाडीकाठ : बंदर रोडच्या नव्या बागेला फलक लागलाय, ‘सुरक्षित व सर्वसमावेशक सार्वजनिक अवकाश’. शेजारच्या आजी विचारत होत्या, इथून रॉकेट सोडणार काय? बोलीत काय म्हणाल याला?

पेठकरीण : ‘अवकाश’ आधी काढा, ‘जागा’ पुरे. ‘सुरक्षित’ऐवजी मी ‘राबत्याची’ म्हणेन. उर्दूत राबता म्हणजे संबंध, आपल्याकडे नेहमीचं येणंजाणं. वर्दळ वेगळी, तिच्यात कोणी कोणाला ओळखत नाही, आणि ‘वर्दळीवर येणे’ म्हणजे तर भांडणावर उतरणं. आमच्या मच्छीबाजाराच्या कोपऱ्यावर संध्याकाळी मासेवाल्या बसतात. हात सुरमईच्या तुकड्यांवर, डोळे रस्त्यावर. क्लासहून येणाऱ्या मुली तिथून बिनधास्त जातात. बायका उठल्या की तोच रस्ता टाळतात, दिवे तेवढेच असले तरी. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे खरा, पण ‘सुशोभीकरण’ आलं की माशांची पहिली पाटी याच बायकांची उचलली जाते. (त्या शब्दावर वेगळी चर्चा व्हायला हवी.)

सातबारा : मी ‘वहिवाटीची जागा’ सुचवतो. हा शब्द न कळणारा माणूस कोकणात सापडायचा नाही, निम्मी भावकी त्यापायी तहसीलच्या बाकावर बसलेली! वाट अडवली की आजही 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज करतात. हक्क कागदाआधी पायांनी पडतो, हे त्या शब्दात आहे.

रायगडवाला : सातबारा, जरा जपून. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 ला झाला, महाड नगरपालिकेनेही 1924 ला तळं खुलं केलं. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली. पुढे विरोधक कोर्टात गेले ते कशाच्या जोरावर? पूर्वापार वहिवाटीच्याच. अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून हायकोर्टाने 1937 ला त्यांचं म्हणणं फेटाळलं. म्हणजे दहा वर्षं भांडण झालं ते याच तुमच्या शब्दाशी. त्यापेक्षा ‘सर्वांना खुली’ बरं.

पाखाडी : खुली कोणाला? माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो. इथल्या एका बागेच्या तोंडाशी जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. बाजूला रॅम्प आहे, पण इतका उभा की ढकलायला दोघं लागतात. वर मोटरसायकली आत शिरू नयेत म्हणून खांब ठोकलेत, त्यांतून चाकं जात नाहीत. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याबद्दल लिहिताना ‘अडथळाविरहित’ म्हणतात. बोजड आहे, पण फूटपट्टी घेऊन तपासता येतं. ‘समावेशक’ तपासणार कसं?

खाडीकाठ : पटलं. ‘सर्वांना खुली, अडथळा नसलेली जागा’. मालवणीत कोणी सांगेल?

पेठकरीण : ‘हंयसर कोणाकय येवक नि बसाक गावता.’ (इथे कोणालाही यायला नि बसायला मिळतं.) फक्त ‘बसाक’ लिहिणार असाल, तर बाकांच्या मधोमध बसवलेले लोखंडी दांडे आधी काढायला सांगा.