‘गॅग रूल’ (१८३६–१८४४): अर्ज न वाचण्याचा नियम कशासाठी?

मुशाफिर (प्रश्न):
सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीने दिलेला असताना, तिथल्या प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविरुद्धचे अर्ज आठ वर्षे न वाचता दप्तरी दाखल केले, ते कोणत्या आधारावर? गुलामगिरीला हात लावू न देणाऱ्यांचेच सभागृहात बहुमत होते. मतदान घेऊन अर्ज फेटाळता आले असते. मग वाचण्याचीच एवढी धास्ती का असावी?

दप्तरदार:
फेटाळण्यासाठीसुद्धा आधी चर्चा करावी लागते, आणि नको होती ती चर्चाच. राज्यांमधील गुलामगिरी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अखत्यारीबाहेर होती, परंतु राजधानी वॉशिंग्टनचा कारभार थेट काँग्रेसकडे असल्यामुळे बहुतेक अर्जदारांनी नेमके तिथेच बोट ठेवले होते. डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर आणि गुलामगिरी असलेली दक्षिण अशा दोन्हीकडच्या मतांवर उभा होता, १८३६ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते आणि न्यूयॉर्कचे व्हॅन ब्युरेन त्या पक्षाचे उमेदवार होते. सभागृहात हा विषय निघता तर ही मोट सुटली असती. म्हणून त्या मे महिन्यात असे अर्ज न वाचता बाजूला ठेवावेत, हा दक्षिण कॅरोलायनाच्या पिंकनी यांचा ठराव ११७ विरुद्ध ६८ मतांनी संमत झाला. १८४० मध्ये त्याहून कडक, म्हणजे अर्ज स्वीकारूच नये असा, कायमचा नियम झाला; पण तो अवघ्या ११४ विरुद्ध १०८ मतांनी. उत्तरेतील सदस्यांना आपल्याच मतदारांचे कागद परतवणे किती जड जाऊ लागले होते, हे या आकड्यांवरून दिसते.

शाईचा डाग:
वरील उत्तरात अर्जदार कोण होते, हे राहून गेले. छापील मजकुराखाली कागदाला कागद चिकटवून केलेल्या या लांबलचक गुंडाळ्यांवर पुष्कळदा दोन रकाने असत, एक मतदार पुरुषांचा आणि दुसरा स्त्रियांचा. आणि दुसरा रकाना अनेकदा पहिल्यापेक्षा लांब भरे. मताधिकार नसलेल्या बायका दारोदार फिरून सह्या गोळा करीत होत्या, शेजारणीशी वाद घालीत होत्या, नकार ऐकून पुढचे दार ठोठावीत होत्या. राजकारणाचे इतके रोकडे शिक्षण त्यांना दुसरीकडे कुठे मिळाले असते, असे मला वाटत नाही. स्त्रियांनी असे अर्ज करणे अशोभनीय आहे, असा सूर मेरीलँडचे सदस्य हॉवर्ड यांनी लावला, तेव्हा माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १८३८ च्या उन्हाळ्यात कित्येक दिवस बोलून त्याचा समाचार घेतला.

दप्तरदार:
मान्य, ती माझी चूकच. मात्र ॲडम्स यांना सुरुवातीपासूनचे गुलामगिरीविरोधी पुढारी समजू नये. १८३१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे अर्ज सादर करतानाच, राजधानीतील गुलामगिरी रद्द करण्याच्या मागणीला आपला पाठिंबा नाही, असे त्यांनी सांगून टाकले होते. ते लढले अर्जाच्या हक्कासाठी, आणि लढता लढता पुढे सरकत गेले. शिवाय गृहस्थ खट्याळही होते! १८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारले, की आपल्याजवळ बावीस गुलामांचा म्हणून एक अर्ज आहे, तो नियमात बसतो का? दक्षिणेचे सदस्य खवळले, निंदाव्यंजक ठरावाची भाषा सुरू झाली. मग ॲडम्स यांनी शांतपणे खुलासा केला, की अर्जातील मागणी तुम्ही समजता त्याच्या नेमकी उलट आहे.

मुशाफिर:
मग नियम उठला कसा? ॲडम्स यांच्या चिकाटीमुळे की पक्षातील फाटाफुटीमुळे?

शाईचा डाग:
चिकाटी नसती तर विषय जिवंत राहिला नसता; पण ३ डिसेंबर १८४४ रोजी नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला, त्यात उत्तरेतील डेमोक्रॅटांच्या नाराजीचा वाटा मोठा होता. टेक्सास अमेरिकेत सामील करून घेण्याच्या प्रश्नावरून दक्षिणेने व्हॅन ब्युरेन यांची उमेदवारी हाणून पाडल्याला तेव्हा वर्षही लोटले नव्हते. यानंतर अर्ज स्वीकारले जाऊ लागले, इतकेच. ज्या वॉशिंग्टनसाठी ते केले होते, तिथली गुलामगिरी मात्र एप्रिल १८६२ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना संपली. ॲडम्स यांना जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती.